फोनसाठीचा वायरलेस हेडसेट कसा तपासावा: कानाची सोय आणि आवाजाचा दर्जा

वायरलेस हेडसेट घेताना बहुतेकजण दुकानातच एक ओळखीचे गाणे लावतात, दोन मिनिटे ऐकतात आणि बास दणदणीत वाटला की पैसे मोजतात. हेडसेट केवळ गाण्यांसाठी हवा असेल तर यात फारसे बिघडत नाही. पण ज्याला दिवसातले कित्येक तास फोनवर बोलावे लागते, त्याच्यासाठी ही परीक्षा अपुरी आहे, कारण फोनच्या हेडसेटचा निम्मा दर्जा आपल्या कानांना कळतच नाही. तो पलीकडच्या माणसाच्या कानांना कळतो. उरलेल्या निम्म्यातला मोठा भाग म्हणजे कानाची सोय, आणि ती दोन मिनिटांत कोणालाही उमगत नाही.

कोल्हापुरात पाहिले तर मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघाल्यावर दर कळवणारा मुनीम, गुजरीत बसून गिऱ्हाइकाला भाव सांगणारा सराफ, उद्यमनगरात लेथच्या आवाजात ऑर्डर लिहून घेणारा कारखानदार आणि राजारामपुरीतल्या घरातून ऑनलाइन शिकवणी घेणारी शिक्षिका, या सगळ्यांना हेडसेट वेगवेगळ्या कारणांसाठी लागतो. तपासणीची रीत मात्र सगळ्यांना एकच लागू पडते. तिला दोन गोष्टी लागतात: पुरेसा वेळ आणि दुसरा माणूस.

गाण्याचा आवाज आणि कॉलचा आवाज

प्रत्यक्ष तपासणीआधी एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. ब्लूटूथवर गाणे ऐकताना आवाज फोनकडून कानाकडे, असा एकाच दिशेने जातो आणि उपलब्ध असलेली सगळी क्षमता संगीताच्या वाट्याला येते. कॉल सुरू झाला की माईकही चालू होतो, आवाज दोन्ही दिशांनी वाहू लागतो आणि नेहमीचे ब्लूटूथ हेडसेट संगीताची पद्धत सोडून बोलण्याच्या पद्धतीवर येतात. बोलण्याच्या जुन्या पद्धतीत एका सेकंदात आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात. २०११ पासून रूढ झालेल्या वाइडबँड पद्धतीत १६,००० घेतले जातात. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने पकडता येत असल्यामुळे जुन्या पद्धतीत सेकंदाला ४,००० कंपनांच्या, म्हणजे ४,००० हर्ट्‌झच्या वरचे काहीच पलीकडे पोहोचत नाही. माणसाचा निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू शकतो, हे लक्षात घेतले की ही कपात किती मोठी आहे ते कळेल.

मराठी बोलणाऱ्याला याचा फटका कुठे बसतो? ‘स’ या वर्णाचा सूं असा जो घर्षणाचा आवाज असतो, त्याचा मोठा भाग ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो. तो कापला गेला की ‘सोडा’ आणि ‘फोडा’, ‘सुटला’ आणि ‘फुटला’ यांतला फरक पुसट होतो. समोरासमोर असा गोंधळ सहसा होत नाही. फोनवर होतो, आणि माल सोडायचा की फोडायचा असा प्रश्न असेल तर तो महागात पडतो. म्हणून गाण्यात छान वाजणारा हेडसेट कॉलवर बोथट निघाला तर त्यात नवल नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्याच तपासाव्या लागतात.

तयारी

हेडसेट पूर्ण चार्ज करावा. फोनमधला इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारी सोय) आणि आवाज ‘वाढवून’ देणाऱ्या सगळ्या सोयी बंद कराव्यात, कारण त्या चालू असतील तर आपण हेडसेटची नव्हे, फोनमधल्या सजावटीची परीक्षा घेत बसतो. एक वही घ्यावी. घरातला किंवा मित्रपरिवारातला एक माणूस मदतीला घ्यावा, मात्र तो ‘चांगलं येतंय की’ म्हणून विषय संपवणारा नसावा.

मत नोंदवण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरावी: उत्कृष्ट ५, चांगला ४, बरा ३, निकृष्ट २ आणि वाईट १. आकडा लिहायची सवय लावली की दोन हेडसेटची तुलना आठवणीवर अवलंबून राहत नाही.

कानाची सोय

सोयीची सुरुवात हेडसेट कानात नीट बसण्यापासून होते. इअरबड्स (कानात घालायचे सुटे बड) किंवा नेकबँडसोबत (गळ्यात अडकवायच्या पट्टीचा हेडसेट) साधारणपणे लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापांची सिलिकॉनची रबरे येतात. मध्यम रबर आधीच लावलेले असते आणि बाकीची पिशवी पुन्हा उघडलीच जात नाही. दोन्ही कान तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला लहान रबर लागणे अगदी स्वाभाविक आहे. बसवताना विरुद्ध बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. मग बड आत घालून हलकेच फिरवावा आणि कान सोडावा.

नीट बसला की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी: तोंड मिटून हुंकार द्यावा. बंद झालेल्या कानात आपलाच आवाज डोक्यात घुमतो. दोन्ही बाजूंना सारखाच घुमला तर रबरे योग्य मापाची आहेत. एकाच बाजूला घुमला तर दुसऱ्या बाजूचे रबर बहुधा लहान पडते आहे. ही तपासणी आवाजाच्या परीक्षेआधी करणे महत्त्वाचे आहे, कारण रबर आणि कान यांच्यात फट राहिली की सर्वांत आधी खालचे स्वर निसटतात. बास कमी वाटला म्हणून हेडसेट परत करणाऱ्याने आधी रबर बदलून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

हेडसेट कानात घातल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटे फसवी असतात, कारण तेवढ्या वेळात जवळपास प्रत्येक हेडसेट सुसह्य वाटतो. त्यामुळे निदान दीड-दोन तास तो कानात ठेवून रोजची कामे करावीत, आणि ‘आपल्या कानात काहीतरी आहे’ ही जाणीव पहिल्यांदा कधी झाली, ती वेळ वहीत लिहावी. त्याबरोबर जागाही लिहावी. नळीच्या आत टोचत असेल तर ते रबराच्या मापाचे किंवा प्रकाराचे दुखणे आहे. लहान रबर किंवा मऊ फोमची टोपी लावून ते बहुतेक वेळा जाते. पण कानाच्या छिद्रासमोरचा छोटा उंचवटा किंवा पाळीच्या आतली वळी दुखत असेल, तर बडचे प्लॅस्टिकचे अंगच त्या कानाच्या घडणीला मोठे पडते आहे. त्यावर रबर बदलण्याचा उपाय चालत नाही, आणि ‘सवय होईल’ या आशेवर तो हेडसेट ठेवूनही घेऊ नये. माझ्या मते आवाज कितीही गोड असला तरी या एका कारणावरून हेडसेट नाकारावा.

त्या दोन तासांत काही गोष्टी मुद्दाम कराव्यात. मूठभर भडंग चावून खावे. जबडा हलताना कानाच्या नळीचा आकार बदलतो, त्यामुळे जो बड बोलता-खाताना हळूहळू बाहेर सरकतो तो येथे लगेच पकडला जातो. आणि फोनवर बोलणे म्हणजे जबडा हलवणेच आहे. खाली वाकून चपलेचा पट्टा लावावा. जिना भरभर चढावा. चष्मा असेल तर तो दोनदा काढून घालावा, कारण चष्म्याची काडी आणि कानामागून येणारा हूक एकाच जागेसाठी भांडतात. बुगडी, वेल किंवा झुबे घालणाऱ्यांनी ते घालूनच तपासणी करावी. डोक्यावरून पट्टी येणाऱ्या हेडसेटचा दाब अंबाड्यावर आणि चष्म्याच्या काड्यांवर कसा पडतो, हे तो घालून पाहिल्याशिवाय कळणार नाही. नेकबँड असेल तर मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावी. वायर कॉलरला अडकून बड खेचला जात असेल तर दिवसभरात तो अनुभव शेकडो वेळा येणार आहे.

स्पर्शाने चालणाऱ्या बटणांकडेही याच वेळी लक्ष द्यावे. बड सारखा करायला बोट लावले आणि कॉल कट झाला, किंवा डोक्यावर पदर घेताना गाणे सुरू झाले, असे होत असेल तर ती सोय ॲपमधून बंद करता येते का ते पाहावे. दाबायचे बटण असलेल्या बडमध्ये प्रत्येक वेळी तो कानात आणखी रुतत नाही ना, हेही बघावे.

एप्रिल-मे महिन्यांत घामामुळे सिलिकॉनखाली खाज सुटते. रबरे काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली की पुष्कळदा ती थांबते. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर मात्र कानात जाणारा कोणताही हेडसेट डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. कानाचे छिद्र उघडे ठेवणारे प्रकार आता मिळतात, त्यांचा विचार करावा.

पलीकडे काय ऐकू येते

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक खरेदीत तोच वगळला जातो. काहीजण फोनमधल्या रेकॉर्डरवर आपला आवाज मुद्रित करून ऐकतात. पण अनेक फोनमध्ये रेकॉर्डर हेडसेटचा माईक न वापरता फोनचाच माईक वापरतो आणि तपासणी फुकट जाते. खरा कॉल लावणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

वीस शब्दांची एक यादी करावी आणि ती मदतनिसाला दाखवू नये. तिच्यात जवळचे उच्चार जोडीने पण विस्कळीत क्रमाने असावेत: सोडा आणि फोडा, साल आणि शाल, पाट आणि पाठ, दार आणि धार, काटा आणि खाटा, सात आणि साथ. निम्मे शब्द संख्यांचे ठेवावेत, कारण व्यवहारातले गैरसमज बहुधा आकड्यांतच होतात: सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सत्त्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर. मदतनिसाने दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरात बसून, ‘काय म्हणालास?’ असे न विचारता जे ऐकू आले ते लिहून घ्यावे. मग तेवढेच शब्द क्रम बदलून, हेडसेट काढून, फोन कानाला लावून सांगावेत. ही दुसरी फेरी टाळू नये. नेटवर्कच खराब असेल तर दोन्ही फेऱ्यांत सारख्याच चुका होतील. फोनवरून नीट ऐकू आले आणि हेडसेटवरून ‘अडुसष्ट’ची ‘सदुसष्ट’ झाली, तर दोष हेडसेटचा.

दोन याद्या शेजारी ठेवल्या की चुकांची जातही दिसते. ‘फोडा’ आणि ‘सोडा’ यांची अदलाबदल झाली असेल, ‘साल’ आणि ‘शाल’ यांची गल्लत झाली असेल, तर वरची कंपने हरवत आहेत. शब्दांची सुरुवातच गायब असेल, म्हणजे ‘हळद’ सांगितल्यावर वहीत ‘अळद’ आले असेल, तर हेडसेटमधली आवाज गाळणारी यंत्रणा उशिरा जागी होते आहे. ही खोड पकडण्यासाठी दहा सेकंद गप्प राहून मग एकदम हळू सुरुवातीचा शब्द उच्चारावा. संथ बोलणाऱ्या वयस्कर माणसांना हा दोष फार जाचतो, कारण त्यांच्या प्रत्येक विरामानंतरचे पहिले अक्षर कापले जाते.

शांत खोलीतली फेरी झाली की गोंगाटात जावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खोक्यावर ‘एएनसी’ लिहिलेले असते ते आपल्या कानात शिरणारा बाहेरचा आवाज कमी करण्यासाठी असते. ‘ईएनसी’ असते ते माईकमधून पलीकडे जाणारा गोंगाट कमी करण्यासाठी. बोलण्याच्या कामात दुसरे अधिक मोलाचे आहे, आणि पहिले असले म्हणजे दुसरेही उत्तम असेल असे नाही.

गोंगाटही एका प्रकारचा नसतो. मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीच्या इंजिनाची एकसारखी घरघर असते. ती गाळणे यंत्रणेला तुलनेने सोपे जाते. संध्याकाळचा महाद्वार रोड अवघड असतो, कारण तिथला गोंगाट माणसांच्या बोलण्याचाच असतो आणि कोणता आवाज ठेवायचा, कोणता टाकायचा हे यंत्रणेला ठरवता येत नाही. उद्यमनगरात लोखंडावर पडणारे घण आणि ग्राइंडरची किंकाळी यांत माईकची वेगळीच परीक्षा होते. ज्याचे काम जिथे, त्याने तिथेच तपासावे; सराफाने लेथशेजारी उभे राहण्याची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी मदतनिसाला दोन वेगळे प्रश्न विचारावेत: गोंगाट किती ऐकू आला, आणि माझा आवाज किती नैसर्गिक राहिला. काही हेडसेट गोंगाट पूर्ण पुसतात, पण त्यासोबत बोलणाऱ्याचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा करतात. थोडा गोंगाट चालेल, पण शब्द शाबूत राहिले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाऱ्यासाठी रंकाळ्याचा काठ उत्तम. वारा अंगावर येईल असे तोंड करून उभे राहावे, मग पाठ करावी, मग चालत बोलावे. माईकच्या छिद्रावर वारा आदळला की पलीकडे फडफड ऐकू येते. तोंडाजवळ दांडी असलेला, एका कानाचा जुन्या घाटाचा हेडसेट दिसायला अवजड वाटतो, पण माईक ओठांच्या जवळ असल्यामुळे गोंगाटात तो अनेकदा देखण्या बड्सपेक्षा सरस ठरतो.

आणखी तीन छोट्या चाचण्या उरतात. दोघांनी आळीपाळीने एक ते वीस आकडे मोजावेत. अडखळायला झाले तर आवाज उशिरा पोहोचतो आहे, मात्र याचीही फोनवरच्या फेरीशी तुलना करावी. मग दोघांनी मुद्दाम एकाच वेळी बोलावे. एकाचा आवाज पूर्ण तुटत असेल तर घासाघीस करणाऱ्यांना हा हेडसेट त्रास देईल. शेवटी आपला व्हॉल्यूम पूर्ण वाढवून पलीकडच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो का, ते विचारावे.

आपल्याला काय ऐकू येते

येथे प्रत्येकाचा कान आणि आवड वेगळी असते, तरी काही पथ्ये सर्वांना लागू आहेत. दोन हेडसेटची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखाच मोठा वाटेल असा आधी जुळवून घ्यावा, कारण किंचित मोठा वाजणारा हेडसेट नेहमीच अधिक चांगला भासतो. शक्य असेल तर किंमत आणि नाव माहीत नसलेल्या घरातल्या माणसाला ऐकवावे.

संगीत असे निवडावे, जे आपण प्रत्यक्ष समोर बसून ऐकले आहे. कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमके ऐकलेल्या माणसाला हलगीची थाप कशी कडक पडते हे पक्के माहीत असते. हेडसेटमध्ये ती थाप मऊ किंवा लांबट वाटली, घुमक्याचा आवाज तिच्यात मिसळून गेला, तर तो हेडसेट खालचे स्वर फुगवतो आहे. तानपुरा याहून कठीण परीक्षक आहे. एका तारेतून उमटणारे अनेक स्वर आणि जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उठणारी, सूक्ष्म झणझण दाबून टाकणारे हेडसेट पुष्कळ असतात. गायक अल्लादियाखाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या आणि देवल क्लबसारखी जुनी संगीतसंस्था असलेल्या या गावात प्रत्यक्ष मैफल ऐकण्याची संधी मिळते; तो आवाज कानात असताना घरी येऊन हेडसेट लावावा. गायकाचा आवाज बरोबर मधोमध यायला हवा. तो एका बाजूला झुकत असेल तर बड कानांत नीट बसले आहेत का आणि फोनमधला डावा-उजवा समतोल सरकलेला तर नाही ना, ते आधी पाहावे.

खोक्यावरच्या कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी संगीत आवळण्याच्या पद्धतींच्या, नावांना भुलू नये. एसबीसी सगळ्यांकडे असतो, आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच चालवतो, आणि एलडॅकसारखा कोडेक फोन व हेडसेट दोन्हींत असेल तरच उपयोगी पडतो. कॉलच्या आवाजाशी या नावांचा संबंध नाही.

चित्र आणि आवाज यांचा मेळ पाहण्यासाठी हलगी वाजवणाऱ्याचाच व्हिडिओ लावावा. काठी पडते आणि थाप ऐकू येते यांत अंतर जाणवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत आणि मुलांनी ७५ डेसिबलचा तेवढाच वेळ ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने आटते. एखादा हेडसेट गोंगाटात व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण केल्याशिवाय ऐकूच येत नसेल, तर तो आपल्या कामाचा नाही.

जोडणी, पाऊस आणि बॅटरी

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते आणि या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. म्हणून फोन आधी एका, मग दुसऱ्या खिशात आणि शेवटी मागच्या खिशात ठेवून बोलून पाहावे. मंगळवार पेठेसारख्या जुन्या भागातल्या जाड भिंतींच्या घरात एका खोलीत फोन ठेवून दुसरीत जावे आणि आवाज कुठे तुटतो ते बघावे. त्याच पट्ट्यात वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात, त्यामुळे स्वयंपाकघरात खरखर आली तर लगेच हेडसेटला दोष देऊ नये.

कोल्हापूरच्या पावसात आयपीएक्स४ हे पाण्यापासूनच्या बचावाचे मानांकन शिंतोड्यांपुरते पुरते. धो-धो पावसात भिजण्यासाठी नाही. बडचे मानांकन चार्जिंगच्या डबीला लागू असतेच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. बॅटरी कॉलवर गाण्यांपेक्षा सहसा लवकर उतरते. खोक्यावरचे तास बहुधा गाण्यांचे असतात. पूर्ण चार्जपासून नेहमीच्या कामाचा एक दिवस काढून स्वतः मोजावे. दुचाकी चालवताना मात्र हेडसेट कानात ठेवून कोणतीही चाचणी करू नये.

खरेदी करताना

अनेक दुकानांत सील उघडून कानात घालू देत नाहीत, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. अशा वेळी तेच मॉडेल वापरणारा ओळखीचा माणूस शोधून, त्याच्या बडला आपली रबरे लावून पाहावे. तेही जमत नसेल तर परत करण्याची मुदत किती, आणि पैसे परत मिळणार की केवळ वस्तू बदलून मिळणार, हे आधी विचारून बिलावर लिहून घ्यावे. ऑनलाइन खरेदीत ही अट वस्तूच्या पानावरच असते. तिचे छायाचित्र जपून ठेवावे.

खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसते. नामांकित कंपनीच्या नावाने खपवलेली नक्कल ओळखण्याचा हा घरबसल्या करता येणारा उपाय आहे.

परतीची मुदत थोड्या दिवसांची असेल तर पहिल्या दिवशी कानाची सोय आणि शब्दांची यादी, दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणचा गोंगाट आणि वारा, आणि त्यानंतर जोडणी व बॅटरी असा क्रम ठेवावा, कारण पहिल्या दोन दिवसांत निघणारे दोष बहुधा दुरुस्त होणारे नसतात. परत करताना वहीतली नोंद आणि मदतनिसाने लिहिलेली यादी सोबत न्यावी. ‘आवाज बरोबर नाही’ या तक्रारीपेक्षा ‘वीसपैकी इतके शब्द चुकीचे ऐकू गेले, फोनवरून सगळे बरोबर गेले’ ही तक्रार नाकारणे विक्रेत्याला अवघड जाते. तरीही दाद मिळाली नाही, तर बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.